तीन खाचांचा वाडगा

“हा नक्की इथेच बनलाय?” वाडगा उलटा करून त्याच्या बुडाकडे बघत मी विचारलं.

“इथेच,” दुकानातली बाई म्हणाली.

“कुणी बनवला?”

“टेकडीवरच्या एका बाईनं. हातानं.”

वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरच्या त्या गावात टेकडीशिवाय दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे हा पत्ता मला संशयास्पद वाटला. शिवाय मी बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मिरजेच्या मार्केटात मी शिरलो की चार दुकानांतले तराजू आपोआप सरळ व्हायचे, असं लोक म्हणत. लोक म्हणत म्हणजे मुख्यतः मीच म्हणे.

वाडगा तिथल्या एका झाडाच्या फळाच्या करवंटीचा होता. आपल्याकडे साधूंच्या हातात कमंडलू असतो, त्याच जातीचा. बाहेरून चकचकीत पॉलिश, त्यावर नारळाचं हिरवं झाड आणि खाली लाल ठसठशीत अक्षरांत बेटाचं नाव. असे पंचवीस-तीस वाडगे टेबलावर ओळीनं मांडले होते.

“किती गोड आहे हो,” वृंदा म्हणाली. “घेऊ या एक.”

“अक्षरं बघ,” मी म्हटलं. “सगळ्यांवरची एकसारखी. हातानं काढलेली अक्षरं अशी असतात होय? साचा आहे साचा. कारखान्यातून येतात हे.”

“असेनात का. मला आवडलाय.”

“वृंदा, आपण खरी वस्तू न्यायची ठरवलंय.”

आपण म्हणजे मी. त्याचं कारण होते आमचे साडू, मुकुंदराव. दोन वर्षांपूर्वी ते स्वित्झर्लंडहून गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन आले होते. चांगल्या वीस माणसांच्या पंगतीत त्यांनी ती वाजवून दाखवली. मी ती हातात घेतली, उलटी केली आणि आतलं चिनी लेबल मोठ्यानं वाचलं. पंगत हसली, मुकुंदराव हसले नाहीत. आम्ही बेटावर निघालो तेव्हा ते स्टेशनवर पोचवायला आले आणि गाडी हलताना म्हणाले, “रमाकांतराव, तुम्ही काय आणताय ते बघायला येणार बरं का.” तेव्हापासून ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं होतं.

तीन विमानं बदलून आम्ही त्या बेटावर गेलो होतो, कारण आमची केतकी तिथे होती. जावई तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवायचे. टेकडीवरच्या एका घराचा वरचा मजला त्यांनी भाड्यानं घेतला होता आणि खाली घरमालकीण राहायची. तिचं नाव अगाथा. सगळं गाव तिला मिस अगाथा म्हणे, वृंदा अगाथाबाई म्हणे. सत्तरीची, उंच, काटक बाई. हाताची नखं कायम लाल. म्हातारपणी नखं रंगवायची हौस बघून मला गंमत वाटायची. माझ्या नजरेतून काही सुटत नसे, हे आधी सांगितलंच आहे.

वृंदा गुहागरची. त्यामुळे तिला त्या बेटावर नवीन असं काही दिसेना. नारळ, जायफळं, केळी, दारात समुद्र. पहिल्याच दिवशी अगाथाबाईंनी खालून एका जुन्या वाडग्यात काहीतरी शिजवून पाठवलं. आम्ही मांस खात नाही हे केतकीनं सांगून ठेवलं होतं, म्हणून फक्त नारळाच्या दुधात शिजवलेला नीरफणस आणि हिरवी पानं.

वृंदानं एक घास खाल्ला आणि म्हणाली, “अहो, हे अळू आहे. एवढा खर्च करून तुम्ही मला माहेरी आणलंत.”

संध्याकाळी तिनं तो वाडगा घासला, पुसला आणि घरून आणलेले शंकरपाळे त्यात काठोकाठ भरले.

“नुसता दिला तर चालणार नाही का?” मी म्हटलं. “तिला काय कळतंय आपलं शास्त्र.”

“शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. तिला नाही कळलं तरी मला कळतंय ना.”

तिला कळलं. दुसऱ्या दिवशी वाडगा केळी भरून वर आला. वृंदानं तिखटमिठाच्या पुऱ्या घालून खाली पाठवला. मग तो पपई घेऊन आला आणि रव्याचे लाडू घेऊन गेला. वृंदाचं इंग्रजी ‘टेक, टेक’ एवढंच, आणि अगाथाबाईंना तर मराठी नावाची भाषा आहे हेच माहीत नव्हतं. तरी दोघी जिन्याच्या पायरीवर बसून तास तास बोलायच्या. मी दुभाषा म्हणून एकदा मध्ये बसलो, तर दोघींनी मिळून मला उठवलं.

इकडे माझी शोधमोहीम चालूच होती. लाकडी मुखवटे बघितले, गवताच्या टोप्या बघितल्या, मसाल्यांचे हार बघितले. प्रत्येक वस्तू मी उलटी केली, खरवडली, हुंगली. एका दुकानदारानं मला दारातच विचारलं, “साहेब, आज तरी काही घेणार, की नुसती तपासणी?” आठवडा संपत आला आणि माझी बॅग मोकळीच होती.

आणि मग एका दुपारी, वृंदा वाडगा पुसत असताना, मला त्या खाचा दिसल्या.

वाडग्याच्या काठावर सुरीनं पाडलेल्या तीन खाचा होत्या, शेजारी शेजारी. मी चष्मा लावला. वाडगा काळपट पडलेला, एके ठिकाणी तडा गेलेला, तो तडा मासेमारीच्या दोऱ्यानं शिवलेला. मी आत तांदूळ ओतून बघितले. शिगेला भरले की अदमासे आपला जुना शेर.

“वृंदा,” मी म्हणालो, आणि माझा आवाज चक्क कापला, “हे माप आहे.”

“वाडगा आहे तो.”

“माप आहे. आपल्याकडे मापटं, शेर, पायली, तसं इथलं. आणि या खाचा म्हणजे पडताळणीच्या खुणा. आम्ही नाही का दर वर्षी मापावर शिक्का मारत? हात एकाच माणसाचा आहे, पण खाचा वेगवेगळ्या वर्षांच्या आहेत. ही बघ, ही सगळ्यात जुनी, गुळगुळीत झालेली.”

माझ्या घरी जुन्या मापांचा संग्रह होता. पितळी शेर, लाकडी अधोली, एक चिपटं. त्या फळीवर मधोमध हा वाडगा आणि समोर मुकुंदराव, असं चित्र मला दिसायला लागलं. ते वाडगा उलटा करतील आणि त्यांना बुडाला काहीही सापडणार नाही.

मी तडक खाली गेलो. अगाथाबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. शेजारी काहीतरी फडक्याखाली झाकून ठेवलं होतं. मी आधी प्रास्ताविक केलं. बाजारातल्या वस्तू कशा खोट्या असतात, रंगवलेले वाडगे साच्यातून कसे निघतात, अक्षरांवरून ते कसं ओळखायचं, हे सगळं सविस्तर सांगितलं. त्या गालात हसत, मन लावून ऐकत होत्या.

“अक्षरं फार सारखी असतात म्हणता,” त्या म्हणाल्या.

“अगदी. माणसाचा हात इतका सारखा चालत नाही.”

“हे मला माहीत नव्हतं, मिस्टर इन्स्पेक्टर.”

मग मी मूळ मुद्द्यावर आलो. तो जुना वाडगा मला विकत द्याल का?

त्या हसायच्या थांबल्या. “तो घराचा आहे. तो नाही देता येत.”

“तुम्ही म्हणाल ती किंमत देतो.”

“किमतीचा प्रश्न नाही. तुम्हाला दुसरा देते. नवा. तुमच्या बायकोला आवडेल असा.”

“नव्यात काय आहे?” मी म्हणालो. आज हे वाक्य लिहितानाही माझे कान गरम होतात.

त्यांनी खांदे उडवले आणि विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो वाडगा घर करून बसला. जेवताना मी त्यातली भाजी बघायचो नाही, काठ बघायचो.

आमचं निघायचं रविवारी होतं. सकाळीच अगाथाबाईंनी वाडगा भरून वर पाठवला. पहिल्या दिवशीचाच तो नीरफणस आणि अळू. “निघण्याआधी सगळं संपवा,” असा निरोपही आला. आम्ही संपवलं. वृंदानं वाडगा धुतला आणि आदल्या दिवशी मुद्दाम केलेल्या खोबऱ्याच्या वड्या त्यात भरल्या.

“मी बॅगा भरते. एवढा खाली देऊन या,” ती म्हणाली. “आणि नीट दोन्ही हातांनी द्या.”

मी खाली गेलो. दार उघडं आणि घरात कुणी नाही. बाई चर्चला गेल्या होत्या. टेबलावर एक बशी होती. मी वाडगा टेबलावर ठेवला आणि परत फिरलो. दारापर्यंत पोचलोसुद्धा.

बत्तीस वर्षांत मी ऑफिसची टाचणी घरी आणली नव्हती. व्यापाऱ्यांनी दिवाळीत ठेवलेले मिठाईचे पुडे मी रस्त्यावर परत केले होते, चार लोक बघतील अशा बेतानं. तो मी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, परक्या देशात, एका बाईच्या स्वयंपाकघरात उभा राहून वड्या बशीत ओतत होतो. बशी लहान होती. दोन वड्या खाली पडल्या, त्या मी उचलून खाल्ल्या. मग वाडगा बुशशर्टाच्या आत घातला, पोट पुढे काढून जिना चढलो आणि माझ्या बॅगेत लुंगीत गुंडाळून ठेवला. मनाला सांगितलं की ही चोरी नव्हे, हे जतन आहे. त्या बिचारीला वस्तूचं मोल कुठे ठाऊक आहे.

“दिलात?” वृंदानं विचारलं.

“दिला.”

टॅक्सी आली तशा अगाथाबाई चर्चमधून परतल्या. डोक्यावर पांढरी हॅट होती. त्यांनी वृंदाला मिठी मारली. मग मला विचारलं, “सगळं संपवलंत ना?”

“संपवलं,” मी म्हणालो. माझ्या बॅगेला मी ड्रायव्हरला हात लावू दिला नाही.

“मग परत याल,” त्या म्हणाल्या. मला ते निरोपाचं नेहमीचं बोलणं वाटलं.

मिरजेला बॅग मी एकटाच उघडणार होतो, पण बायको ही बॅगेच्या बाबतीत फार तत्पर असते. लुंगी झटकली आणि वाडगा तिच्या मांडीवर पडला.

“हा इथे कसा?”

उत्तर मी विमानात पाठ केलं होतं. “दिला तिनं. मी द्यायला गेलो तर घेईचना. म्हणाली, तुमच्या बायकोला द्या, आठवण म्हणून.”

वृंदानं वाडगा दोन्ही हातांनी उचलला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बोलली नाही बघा मला काही,” ती म्हणाली. “घरातलं रोजचं भांडं काढून दिलं हो बाईनं.”

मी खोटं बोललो हे मला तेव्हा खऱ्या अर्थानं कळलं. पण पुढच्या रविवारी मुकुंदराव येणार होते, आणि मी गप्प बसलो.

ते आले. बरोबर शुभा, म्हणजे वृंदाची बहीण. चहा झाला. मी वाडगा फळीवरून काढून त्यांच्या हातात दिला. मुकुंदरावांनी तो उलटा केला, सुलटा केला, नखानं खरवडला. मी खाचांवर दहा मिनिटं बोललो. पडताळणी, मापनपद्धती, वसाहतींचा काळ. मुकुंदराव हरले होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“आणि हे विकत घेतलेलं नाही,” मी म्हणालो. “बाईनं आपल्या हातानं दिलंय.”

“हो का?” शुभा म्हणाली. “काय घालून दिलं गं, ताई?”

साधा प्रश्न होता. आमच्या घरी कुणीही विचारला असता. वृंदानं माझ्याकडे बघितलं. “मी नव्हते तेव्हा. यांच्या हातात दिला. काय घालून दिला हो?”

इतकं सगळं पाठ केलं होतं. बाईंचे शब्द, हावभाव, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. वाडग्यात काय होतं ते ठरवायचं राहून गेलं होतं. केळी म्हणालो असतो तरी निभावलं असतं. पण तपासणीत पकडलेल्या दुकानदारासारखा मी गडबडलो आणि तोंडातून निघालं, “काही नाही. रिकामाच दिला.”

शुभानं कपबशा गोळा करायला घेतल्या. वृंदानं मुकुंदरावांच्या हातातून वाडगा घेतला आणि आत गेली. पाहुणे लवकरच उठले.

मी आत गेलो तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती.

“ती बाई रिकामा वाडगा देणार नाही,” ती म्हणाली. “खरं सांगा.”

मी सांगितलं. बशी, दोन वड्या, बुशशर्ट, सगळं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती एवढंच म्हणाली, “आणि मी आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरतेय, माझ्या मैत्रिणीनं दिला म्हणून.” मग तिनं केतकीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. “बोला.”

मी नमस्कार-चमत्कार सुरू केला, पण केतकीच आधी म्हणाली, “बाबा, बरं झालं फोन केलात. मिस अगाथाचा तो जुना वाडगा तुम्ही निघताना कुठे ठेवलात? त्या आठ दिवस शोधतायत. परसातला पाचोळासुद्धा उपसून झाला. काल पायरीवर बसून रडत होत्या.”

“एवढं काय आहे त्यात?” मी विचारलं. अजून मी मापाची आशा सोडली नव्हती.

“त्यांच्या तीन मुलांच्या खुणा आहेत त्यावर. मूल बेट सोडून निघालं की त्या दिवशी त्या वाडग्यात जेवायला घालायचं, काठावर एक खाच पाडायची आणि वाडगा घरात ठेवायचा. वाडगा घरी असला की गेलेलं माणूस परत येतं, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं. धाकटे दोघे नाताळला येतात. थोरला इंग्लंडला गेलाय, तो एकोणीस वर्षं आला नाही. त्याचीच ती पहिली खाच.”

म्हणजे हात एकाच माणसाचा, खाचा वेगवेगळ्या वर्षांच्या, आणि गुळगुळीत ती सगळ्यात जुनी. माझं निदान शब्दशः बरोबर होतं. मला आयुष्यात स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही.

“बाबा, तुमच्याकडे आहे का वाडगा?”

“आहे,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहायला बसलो. ‘सदर वाडगा अनवधानाने आमच्या सामानात...’ असा मसुदा वृंदाला आधी मराठीत वाचून दाखवला. तिनं कागद घेतला आणि फाडला.

“अनवधानानं नाही. चोरला, असं लिहा.”

“अगं, निदान ‘घेतला’ लिहू का?”

“तुम्ही दुकानदाराच्या खटल्यात ‘माप जरा कमी भरलं’ असं लिहायचात?”

मी ‘चोरला’ असं लिहिलं. इंग्रजीत तो शब्द पाचच अक्षरांचा आहे, पण लिहायला फार वेळ लागला. वृंदानं वाडग्यात शंकरपाळे भरले, वर फडकं शिवून टाकलं, आणि खोक्यात कापूस घालून आम्ही तो कुरिअरच्या ऑफिसात नेला. तिथल्या माणसानं विचारलं, “आत काय आहे?” मी म्हणालो, “वाडगा.” वृंदा म्हणाली, “शंकरपाळे.”

वाडगा पोचल्याचं केतकीनं कळवलं. बाई काय म्हणाल्या, असं मी विचारलं. “काही नाही म्हणाल्या. पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं.” पुढचे दोन महिने मी मापांच्या फळीवरची धूळ झटकली नाही. वृंदा माझ्याशी बोलत होती, जेवायला वाढत होती, पण जिन्यात शेजारीण भेटली की बेटाचा विषय ती टाळायची. ते मला जेवताना ठसक्यासारखं लागायचं.

मग जानेवारीत एक खोकं आलं.

आत करवंटीचा नवा कोरा वाडगा होता. चकचकीत पॉलिश, हिरवं नारळाचं झाड आणि लाल ठसठशीत अक्षरांत बेटाचं नाव. सवयीनं मी तो उलटा करायला गेलो, तर आतून जायफळं घरंगळून सगळ्या फरशीवर पसरली. ती गोळा करताना चिठ्ठी सापडली. मी वृंदाला मराठीत वाचून दाखवली.

‘मिस्टर इन्स्पेक्टर, हा तुमच्या बायकोचा. मी तेव्हाच देत होते. अक्षरं सारखी येतात त्याला काय करू, चाळीस वर्षं बाजारासाठी मीच काढतेय, हात बसलाय. लाल रंग नखांतून निघत नाही. थोरला अजून आला नाही, पण वाडगा घरी आहे. त्यावर मी चौथी खाच पाडलीय. तुम्ही दोघं त्यातून जेवून गेलात, तेव्हा तुम्हाला परत यावं लागेल. येताना वड्या आणा. मागच्या वेळी बशीत कमी भरल्या.’

वृंदा हसायला लागली. तीन महिन्यांनी हसली. हसता हसता रडली आणि पदरात जायफळं गोळा करत राहिली.

पुढच्या रविवारी मी स्वतः फोन करून मुकुंदरावांना बोलावलं. त्यांनी आधी फळीकडे बघितलं, मग टेबलावरच्या रंगीत वाडग्याकडे. तो उचलून त्यांनी बेटाचं नाव मोठ्यानं वाचलं आणि मनापासून हसले. घंटेचं उट्टं त्यांनी व्याजासह काढलं.

“एवढी शोधाशोध करून शेवटी हाच आणलात, रमाकांतराव?”

“आणला नाही,” मी म्हणालो. “अगाथाबाईंनी वृंदाला दिला.”

शुभा काही विचारणार होती, पण जीभ चावून गप्प बसली. वृंदानं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“काय घालून दिला हो?” तिनं विचारलं.

“जायफळं,” मी म्हणालो.